पांढरी लेन्स आणि बेहालाची भेग

“पांढरीच घ्या,” बागचीसाहेब म्हणाले. “सत्तर-दोनशेची लेन्स. ती लांबडी. क्लायंटनं नुसतं बघितलं तरी त्याला कळलं पाहिजे, माणूस कामाचा आहे.”

टेबलावर नवा फुल-फ्रेम कॅमेरा होता. खोक्यातून नुकताच काढलेला. नुसती बॉडी, लेन्स नाही. मीटिंगला ऑफिसातली सगळी माणसं होती आणि मी माझी यादी घेऊन समोर बसलो होतो. यादीत दोनच लेन्सेस होत्या, दोन्ही काळ्या, बुटक्या, कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या. बागचींनी ती यादी वाचलीसुद्धा नाही. तिच्यावर चहाचा कप ठेवला. तिथेच माझी सटकली.

“सर, आपण काय वाघ शोधायला जातोय का?” मी विचारलं.

मी जाधव. मूळचा कोल्हापूरचा, सिव्हिलचा डिप्लोमावाला. बायको, मेधा, बँकेत अधिकारी. तिची कोलकात्याला बदली झाली, मी मागोमाग आलो आणि एस्प्लनेडला एका स्ट्रक्चरल ऑडिटच्या फर्ममध्ये चिकटलो. स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इमारतीची तब्येत तपासणं. त्यातलं माझं काम भेगांचे फोटो काढण्याचं. हसू नका. लोक लग्नाचे फोटो काढतात, मी भिंतीच्या भेगांचे काढतो. ऑफिसात आमचं बोलणं हिंदी, इंग्रजी आणि बंगालीच्या भेळीत चालतं. ते इथे मराठीतच सांगतो. शिव्या गाळल्या आहेत.

आमच्या धंद्यात भेगा दोन जातींच्या असतात. एक मेलेली भेग. कधीकाळी पडली आणि तिथेच थांबली. तिला बुजवा, रंग लावा, विसरून जा. दुसरी जिवंत भेग. ती वाढते. दर वर्षी केसभर, दोन केस. म्हणजे खाली काहीतरी चाललेलं असतं. पाया खचत असतो किंवा माती सरकत असते. दोघी दिसायला सारख्याच. कोणती कुठली, हे ओळखायचा एकच मार्ग: वर्षावर्षानं त्याच जागेवरून तोच फोटो काढायचा आणि शेजारी शेजारी ठेवून बघायचा.

त्याच जागेवरून म्हणजे अगदी त्याच. त्यासाठी आम्ही जमिनीवर लाल ऑइल पेंटनं तीन ठिपके देतो, ट्रायपॉडच्या तीन पायांचे. पुढच्या वर्षी पाय त्याच ठिपक्यांवर ठेवायचे. ही पद्धत मीच सुरू केली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. दक्षिण कोलकात्यातल्या कितीतरी जिन्यांवर माझे ठिपके आहेत. लोकांना वाटतं, कुणी पान खाऊन थुंकलंय.

आता लेन्सचं दुखणं सांगतो. साधं आहे. आमचा जुना कॅमेरा लहान सेन्सरचा होता. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली ती पाटी, जिच्यावर चित्र उमटतं. नव्या फुल-फ्रेमची पाटी दीडपट रुंद. लेन्स तीच ठेवली, जागा तीच ठेवली आणि पाटी मोठी केली, तर चित्रात भिंत जास्त मावते. एका खिडकीऐवजी दीड खिडकी उघडल्यासारखं. मग त्या फोटोत प्रत्येक वस्तू तेवढ्याच प्रमाणात बारीक दिसते. भेगसुद्धा. म्हणून जुन्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सनं जे दिसायचं, तेच नव्या कॅमेऱ्यात दिसायला हवं असेल तर साधारण पंच्याहत्तरची लेन्स लागते. मी यादीत सत्तरची मॅक्रो लिहिली होती, जवळून बारीक टिपणारी. दुसरी चोवीसची, अडचणीच्या खोल्यांसाठी. बस्स. एवढंच मागणं.

हे सगळं मी बागचींना बोर्डावर आकृती काढून समजावलं. ते मान हलवत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “पण जुनी पन्नासची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते ना?”

“बसते. पण...”

“झालं तर मग! जवळचं पन्नासनं काढा, लांबचं पांढरीनं. प्रश्न मिटला.”

“सर, बसते म्हणजे चालते असं नाही. माझा बूट तुमच्या पायात बसेल. म्हणून काय तुम्ही माझ्या मापानं चालाल?”

सगळे हसले. बागचीही हसले. माणूस वाईट नाही, हे मला इथेच सांगितलं पाहिजे. फर्म त्यांच्या काकांची. काका गेल्यावर ह्यांच्या गळ्यात पडली. दिखाऊपणाची हौस दांडगी, पण पगार वेळेवर. राहायला बागबाजारला. मी चिडलो की त्यांचा एक ठरलेला विनोद होता आणि तो त्या दिवशीही त्यांनी केलाच: “तुम्हा बर्गी लोकांना अडवायलाच आमच्या दाराशी मराठा खंदक खणला होता. आणि शेवटी तुम्ही मेट्रोनं आलात!”

पुन्हा हशा. बर्गी म्हणजे अठराव्या शतकात बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. हा विनोद मी किमान चाळीस वेळा ऐकला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “घ्या पांढरी. पण जुन्या पन्नासनं काढलेले फोटो मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडून बघू नका. सगळी मापं चुकतील. मी सांगून ठेवतोय. सगळ्यांच्या देखत सांगतोय!” आणि दार आपटून बाहेर आलो.

घरी हे मेधाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“लिहून दिलंत का?” तिनं विचारलं.

“लिहून कशाला? सात माणसांसमोर सांगितलंय.”

“सांगितलंत की ओरडलात?”

“तेच ते.”

“तेच ते नाही हो. तुम्ही ओरडलात की माणसं तुमचा चेहरा बघतात, शब्द ऐकत नाहीत. आमच्या बँकेत तोंडी सांगितलेलं म्हणजे न सांगितलेलंच. दोन ओळींची मेल टाका.”

“मी काय शाळेतला पोरगा आहे, तेच तेच घोकायला? त्यांना मेंदू नाही का?”

“नाहीये असं तुम्हीच मघाशी म्हणालात,” मेधा म्हणाली आणि भाजी उचलून आत गेली.

मेल मी टाकली नाही. पांढरी लेन्स आली. तिची वेगळी बॅग आली, मऊ अस्तराची. माझी जुनी बॅग, जिच्यात मी माझं सगळं सामान ठेवायचो, ती स्टोअरमध्ये जमा झाली. का? तर नव्या बॅगेवर फर्मचं नाव छापलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते धूड खांद्यावर घेऊन मी बेहालाला गेलो.

बेहालातली ती इमारत जुनी, तीन मजली, विटांच्या भिंतींवर उभी. कॉलम-बीमचा सांगाडा नाही. भिंतीच सगळा भार पेलतात. वर राहणारी कुटुंबं. तळमजल्याला कोपऱ्यावर मिनोतीदींचं शिवणकामाचं दुकान. मिनोतीदी पन्नाशीच्या, नवऱ्यामागे धंदा उभा केलेल्या. सात शिलाई मशीन आणि त्यांच्यासकट सात बायका. शाळांचे युनिफॉर्म शिवतात. दुकानाच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग छताकडे गेलेली होती. मागच्या वर्षी मीच ती मोजली होती, दोन मिलिमीटर. बाहेरून गिलाव्याला पडलेली असती तर तिच्याकडे कुणी बघितलंही नसतं. पण दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग म्हटल्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

दुकानात पोचलो तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. बसमध्ये बॅगेपायी तीन जणांनी झापलं होतं. माझे तीन ठिपके भिंतीपासून बरोबर एक मीटरवर. एवढ्या जवळून ही पांढरी महाराणी फोकसच करत नाही. मागे सरकावं तर मागे मशीन. मिनोतीदींनी एका बाईला उठवून मशीन हलवून दिलं, तरी जमेना. सगळ्या बायका काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, “दादा, ही तोफ आहे का?” बाकीच्या खुसखुसल्या.

मग काढली जुनी पन्नास. लावली नव्या कॅमेऱ्यावर. ठेवला ट्रायपॉड ठिपक्यांवर.

आता खरी गोष्ट सांगतो. भेगेचा फोटो काढताना शेजारी एक पट्टी चिकटवायची असते, मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदी पट्टी. ती फोटोत असली की कॅमेरा कुठलाही असो, लेन्स कुठलीही असो, माप चुकत नाही. माझ्या पट्ट्या जुन्या बॅगेत होत्या आणि जुनी बॅग स्टोअरमध्ये. गल्लीच्या तोंडाशी स्टेशनरीचं दुकान होतं. शाळेची प्लास्टिकची पट्टी आणली असती तरी भागलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी गेलो नाही. मनात म्हटलं, बॅग त्यांनी काढून घेतली, लेन्स त्यांनी निवडली, आता फोटोही त्यांना मिळतील तसे मिळतील. घ्या म्हणावं!

मी सामान आवरत होतो तेवढ्यात मिनोतीदी जवळ आल्या. “दादा, हे दार बघा ना. लागतच नाही. दुर्गापूजेच्या आधी सुताराकडून रंधा मारून घेतला. आता पुन्हा अडकतंय.”

“सुताराला पुन्हा बोलवा,” मी म्हणालो. “मी दारांचं बघत नाही. भेगांचं बघतो.”

हे मी बोललो. वीस वर्षं इमारतींत घालवलेला माणूस. दार अडकायला लागलं की चौकट तिरकी होतेय, चौकट तिरकी होतेय म्हणजे भिंत बसतेय, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. पण त्या दिवशी माझ्या कानांत बागचींचा विनोदच वाजत होता.

पुढे तीन आठवडे मी हावड्याच्या एका गोदामाच्या कामात होतो. परत आलो तर टेबलावर बेहालाच्या रिपोर्टची ऑफिस कॉपी. नवव्या पानावर दोन फोटो शेजारी शेजारी, मागच्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा. खाली बागचींनी स्वतः लिहिलेली ओळ: नो चेंज. भेग मृत.

फोटो ताडायचं काम बागची स्वतः करायचे. भेगेभोवतीचा चौकोन कापायचे, दोन्ही चौकोन कॉम्प्युटरवर एकमेकांवर ठेवायचे आणि रुंदी किती पिक्सेल भरते ते मोजायचे. मी बघितलं. दोन्ही भेगा तंतोतंत सारख्या रुंद. क्षणभर मला बरंच वाटलं. चला, वाचलो!

मग माझं लक्ष चौकोनाच्या कोपऱ्याकडे गेलं. भेगेच्या बाजूला भिंतीत एक खिळा होता, कॅलेंडर अडकवायचा. दोन्ही फोटोंत होता. मागच्या वर्षीच्या फोटोत त्याचं डोकं चांगलं वाटाण्याएवढं दिसत होतं. ह्या वर्षीच्या फोटोत मुगाएवढं.

आता खिळा काही वर्षभरात आक्रसत नाही.

मी पट्टी घेतली आणि कागदावरच खिळ्याचं डोकं मोजलं. दीडपटीचा फरक. फोटो दीडपटीनं आक्रसला होता. आणि त्या आक्रसलेल्या फोटोतही भेग मागच्या वर्षीएवढीच रुंद दिसत होती. म्हणजे भिंतीवरची खरी भेग दीडपट झाली होती. दोनाची तीन मिलिमीटर, एका वर्षात. अगदी जिवंत भेग. आणि आम्ही तिच्या मृत्यूचा दाखला दिला होता. दार लागत नाही म्हणणारी बाई बरोबर होती.

मी तसाच बागचींच्या केबिनमध्ये घुसलो. पान समोर आपटलं.

“सर, हा खिळा लहान कसा झाला?”

त्यांनी चष्मा चढवला. बघितलं. म्हणाले, “खिळा बदलला असेल.”

मी देवाशपथ सांगतो, माणसानं असं उत्तर दिल्यावर टेबल उलटं करावंसं वाटतं. “कॅलेंडर बदलतात सर! खिळे नाही बदलत! मी सांगितलं होतं, जुन्या लेन्सचे फोटो ताडू नका. सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं!”

“कधी?”

“त्या मीटिंगमध्ये!”

“तेव्हा तुम्ही बुटांबद्दल काहीतरी बोलत होता,” बागची म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. चेहऱ्यावरून कळत होतं. “आणि फोटोत पट्टी का नाही, जाधव?”

ह्याला उत्तर काय देणार? कप्पाळ!

“ठीक आहे,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “पुढच्या महिन्यात सप्लिमेंटरी रिपोर्ट देऊ. एक मिलिमीटरचाच तर फरक आहे. आत्ता मागे घेतला तर फर्मची अब्रू जाईल. रिपोर्ट सोसायटीला मागच्याच आठवड्यात गेलाय. त्यांना घाई होती. त्याच कोपऱ्यावर गच्चीत नवी पाण्याची टाकी बसवायची आहे त्यांना.”

“त्याच कोपऱ्यावर?”

“हो. आपल्या रिपोर्टसाठीच थांबले होते.”

मला पुढचं ऐकू आलं नाही. टाकी म्हणजे किती टन पाणी, ते मला माहीत होतं. ती कुठे बसणार, ते माहीत होतं. तिच्या खाली सात बायका सात मशीनवर वाकून बसलेल्या असतात, तेही माहीत होतं. आणि त्यांचं बाहेर पडायचं दार लागत नाही तसंच एखाद्या दिवशी उघडणारही नाही, हेही.

“टाकी बसली का?” मी विचारलं.

“आज-उद्या बसेल. जाधव, बसा. तुम्ही असे तडकाफडकी...”

मी स्टोअरमधून माझी जुनी बॅग ओढून काढली. फर्मचं नाव नसलेली. एस्प्लनेडहून बेहालाच्या बसमध्ये चढलो आणि वाटेत सोसायटीच्या सेक्रेटरींना, दत्तबाबूंना, फोन लावत राहिलो. उचलेनात. बस प्रत्येक सिग्नलला थांबत होती. मी ड्रायव्हरवर ओरडलो, कंडक्टर माझ्यावर ओरडला. त्या एका तासात मी बागचींना जितक्या शिव्या घातल्या, त्याच्या दुप्पट स्वतःला घातल्या.

पोचलो तेव्हा टाकी गच्चीवर होती. काळी, प्रचंड, रिकामी. चार माणसं पाइप जोडत होती. दत्तबाबू खाली फाटकात उभे राहून वर बघत सूचना देत होते. निवृत्त शिक्षक, नीटनेटके, काखेत फाइल.

“दत्तबाबू, पाणी सोडू नका!” मी लांबूनच ओरडलो. “भेग वाढलीय. कोपरा बसतोय. रिपोर्ट चुकलाय!”

त्यांनी शांतपणे फाइल उघडली आणि नववं पान काढलं. “जाधवबाबू, इथे लिहिलंय, नो चेंज. हे फोटो कुणी काढले?”

“मी.”

“तुमचे फोटो, तुमच्या फर्मची सही. ह्याच्या जोरावर आम्ही आठ महिने अडकलेलं काम सुरू केलं. वरच्या मजल्यावर लोक बादल्यांनी पाणी चढवतायत. आणि आज तुम्ही सांगता चुकलंय? उद्या येऊन सांगाल, आज चुकलो होतो?”

प्रश्न रास्त होता. मी त्यांना सेन्सर, दीडपट, खिडकी, खिळा, सगळं सांगायला लागलो. ते ऐकत होते तसे त्यांचे डोळे बारीक होत होते. मी ओरडत होतो, ते माझा चेहरा बघत होते. मेधा म्हणाली होती तस्संच. मी पट्टी काढली, त्यांना दुकानात नेलं, भेगेला लावून दाखवली. “हे बघा, तीन.”

“आणि मागच्या वर्षी दोन होती, हे कशावरून? तुमच्याच कागदावरून ना? तुमचा एक कागद खोटा, तर दुसरा खरा कसा मानू?”

वरून प्लंबरनं हाक मारली, “दादा, सोडू का पाणी?”

तेव्हा मिनोतीदी मशीनवरून उठल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि का बघावं? त्यांनी बटणांचा डबा उघडला आणि शर्टाचं एक पांढरं बटण काढलं, युनिफॉर्मला लावतात तसलं.

“दत्तबाबू,” त्या म्हणाल्या, “मागच्या वर्षी हे दादा माप घेऊन गेले, तेव्हा मीपण माप घेतलं होतं. माझ्या पद्धतीनं. हे बटण कडेनं धरून ह्या फटीत घालून बघितलं. गेलं नाही. ह्या सगळ्यांना विचारा.”

सहा बायकांनी माना हलवल्या. एक म्हणाली, “पूजेच्या आधीसुद्धा बघितलं होतं. कडेनं अडकत होतं.”

“आता बघा,” मिनोतीदी म्हणाल्या.

त्या स्टुलावर चढल्या. बटण कडेनं धरलं, भेगेच्या तोंडाशी टेकवलं आणि बोटानं हलकंच ढकललं. बटण आत गेलं. नुसतं गेलं नाही, भिंतीत कुठेतरी खाली घरंगळत गेल्याचा बारीक आवाज आला. मशीन बंद होती, म्हणून सगळ्यांना ऐकू आला.

दत्तबाबू फाटकाकडे पळाले. साठीच्या पुढचा माणूस, पण अक्षरशः पळाले. “बंद करा! पाणी बंद! कुणी नळाला हात लावू नका!”

त्या दुपारी दुकान रिकामं केलं. सातही मशीन समोरच्या क्लबच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, खोलीत हलवली. मीही दोन उचलली. मिनोतीदींचं मशीन उचलताना मी म्हणालो, “दीदी, त्या दिवशी तुम्ही दाराचं सांगितलंत. मी ऐकलं नाही. चूक माझी.”

“तुम्ही त्या दिवशी फार रागात होतात,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, माझ्यावरच रागावलात. म्हणून पुन्हा फोन केला नाही.”

हे मला चपराकीपेक्षा जास्त लागलं. त्यांनी फोन केला असता, तर तीन आठवडे आधी कळलं असतं.

दोन दिवसांनी टाकी उतरवली. भिंतीला लोखंडी टेकू दिले. कोपऱ्याशी खणलं, तर सांडपाण्याचा पाइप फुटलेला निघाला. किती दिवसांपासून गळत होता कोण जाणे, पायाखालची माती धुऊन नेत होता. हात जाईल एवढी पोकळी. आमच्या सीनियर इंजिनिअरनं आत टॉर्च मारली आणि आधी जाऊन टेकू पुन्हा तपासले. भरलेली टाकी त्या कोपऱ्यानं किती दिवस पेलली असती, हे मी त्याला विचारलं नाही.

नवा रिपोर्ट लिहायची वेळ आली, तेव्हा बागचींनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी ओळ तयार ठेवली होती: तांत्रिक कारणामुळे पूर्वी केलेल्या तुलनेत त्रुटी आढळली.

“कॅमेऱ्यावर ढकलू,” ते म्हणाले. “नवा आहे, कुणाला काय कळतंय?”

“कॅमेऱ्यानं काय केलंय सर? त्याला जे दिसलं ते त्यानं दाखवलं.”

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं: छायाचित्रकारानं मापपट्टी लावली नाही. वेगवेगळ्या सेन्सरचे फोटो एकमेकांशी ताडले गेले. तुलना चुकीची होती. खाली माझं नाव. मग कागद त्यांच्याकडे सरकवला. “दुसऱ्या वाक्याखाली तुमचं.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. खरं सांगतो, तेव्हा मला तिची पर्वाही नव्हती. सही करायला नकार दिला असता, तर मीच राजीनामा तोंडावर फेकणार होतो, खिशात तयार होता. पण त्यांनी सही केली. बर्गींचा विनोद केला नाही. त्यानंतर आजपर्यंत केलेला नाही.

सत्तरची मॅक्रो पुढच्या महिन्यात आली. चोवीसचीही आली. पांढरी लेन्स रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात ठेवली आहे. क्लायंट येतात, तिच्याकडे बघतात, खूश होतात. काम काळ्या बुटक्या करतात.

मेधाला सगळं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मेल टाकली असतीत तर?” मी तिच्यावर ओरडलो नाही. आता कुठलीही लेन्स बदलली की मी आधी दोन ओळींची मेल टाकतो. बागची प्रत्येक मेलला ‘नोटेड’ असं उत्तर देतात. चिडचिड होते, पण कागदावर राहतं.

मिनोतीदींचं दुकान चार महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. भेगेवर आता शिवलेल्या जखमेसारखा एक पट्टा आहे, वर नवा रंग. वार्षिक फोटो काढायला मी गेलो. ट्रायपॉड लावला, पट्टी लावली, मॅक्रो लावली. निघताना त्यांनी एक कापडी पिशवी दिली, युनिफॉर्मच्या निळ्या कापडाची, पट्ट्या ठेवायला. तोंडाशी शर्टाचं एक पांढरं बटण.

“ह्याच्या जोडीचं भिंतीत गेलंय,” त्या म्हणाल्या. “हे हरवू नका.”

राग माझा गेलेला नाही. तो जाणार नाही, जन्माचा आहे. पण त्या पिशवीचं बटण काढल्याशिवाय पट्टी हाती येत नाही, आणि बटण हाताला लागलं की मला आठवतं. म्हणून हल्ली कुठल्याही इमारतीत गेलो की मी लगेच कॅमेरा बाहेर काढत नाही. आधी तिथे राहणाऱ्या माणसाला विचारतो, “दार नीट लागतं का?” आणि तो जे सांगेल, ते संपेपर्यंत ऐकून घेतो.